शरीराची अमानत : चयापचय, लठ्ठपणा आणि दीर्घकालीन आजार



आपल्या घराघरांतून जेवणाच्या वेळी दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एका भावाबद्दल म्हटले जाते, "हा कितीही खावो, याच्या अंगाला लागत नाही." दुसऱ्याबद्दल म्हटले जाते, "याला पाणी प्यायले तरी अंगाला लागते." पहिल्याला नशीबवान समजून त्याच्या ताटात आणखी एक नान वाढला जातो आणि दुसऱ्याला खादाड ठरवून टोमणे मारले जातात. पुढे कधीतरी रक्ततपासणी होते. तेव्हा मधुमेह निघतो तो कित्येकदा त्या सडपातळ भावालाच, आणि सारे घर चकित होते.

असे का होते, हे समजून घ्यायचे असेल तर चयापचय म्हणजे काय, त्याचा लठ्ठपणाशी संबंध कोणता आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची साखळी कोठून सुरू होते, हे पाहावे लागेल. हा विषय केवळ वैद्यांचा नाही. शरीर ही आपल्याकडे सोपविलेली अमानत आहे आणि अमानतीची काळजी घ्यायची तर तिची माहिती हवीच.

चयापचय म्हणजे काय?

आपण खाल्लेल्या अन्नाचे पचन होऊन त्यातील घटक रक्तात येतात. पेशी त्यांचा उपयोग दोन प्रकारे करतात. काही घटकांपासून नवी शरीरद्रव्ये घडतात, तर काही घटक मोडून त्यांतून ऊर्जा मिळविली जाते. घडविण्याच्या व मोडण्याच्या या अखंड व्यवहाराला चयापचय म्हणतात. आपण झोपेत असतानाही हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे आपापले काम करीतच असतात. बैठे काम करणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या ऊर्जेपैकी सुमारे 60 ते 70 टक्के ऊर्जा केवळ शरीर जिवंत ठेवण्यातच खर्च होते. अन्न पचविण्यात साधारण 10 टक्के जाते आणि उरलेली ऊर्जा हालचालींसाठी वापरली जाते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे 2 टक्केच असते, पण विश्रांतीच्या वेळच्या ऊर्जेपैकी पाचवा हिस्सा एकटा मेंदू वापरतो.

खर्चून उरलेली ऊर्जा शरीर फेकून देत नाही, साठवून ठेवते. यकृतात साधारण 100 ग्रॅम आणि स्नायूंमध्ये सुमारे 400 ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठते. हे कोठार लहान आहे व लवकर भरते. त्यापलीकडची बचत चरबीच्या रूपाने साठते आणि त्या कोठाराला मोठी मर्यादा नाही.

"माझा चयापचय मंद आहे" हे कितपत खरे?

लठ्ठ माणसाचे शरीर ऊर्जा कमी जाळते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्ष मोजमाप केले असता उलटेच आढळते. मोठ्या शरीराला चालविण्यासाठी अधिक ऊर्जा लागते, म्हणून स्थूल व्यक्तीचा एकूण ऊर्जाखर्च सहसा सडपातळ व्यक्तीपेक्षा जास्तच असतो.

"तिशी उलटली, चयापचय मंदावला" हेही असेच एक वाक्य. 2021 साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 29 देशांतील 6,400हून अधिक माणसांच्या ऊर्जाखर्चाची मोजणी एकत्र करण्यात आली. त्यांत आठ दिवसांच्या बाळापासून 95 वर्षांच्या वृद्धापर्यंत सर्व वयांची माणसे होती. शरीराचा आकार व घडण लक्षात घेता 20 ते 60 या वयात ऊर्जाखर्च जवळजवळ स्थिर राहतो आणि साठीनंतर तो दरवर्षी सुमारे 0.7 टक्क्याने घटतो, असे त्यातून दिसले. म्हणजे तिशी-चाळिशीत पोट सुटते त्याचा दोष वयाला देता येत नाही. त्या वर्षांत चालणे कमी होते, स्नायू झिजतात, झोप तुटते आणि ताट मात्र पूर्वीइतकेच किंवा अधिक भरलेले राहते.

थायरॉइडच्या कमतरतेने वजन वाढते, हे खरे आहे. परंतु ती वाढ बहुधा मर्यादित असते व तिच्यातील बराचसा भाग क्षार आणि पाण्याचा असतो. शंका असल्यास तपासणी अवश्य करावी, पण सारा भार थायरॉइडवर टाकून स्वस्थ बसू नये.

याचा अर्थ लठ्ठ माणूस केवळ आपल्या जिभेमुळे लठ्ठ झाला, असा मात्र मुळीच नाही. भूक किती लागावी, तृप्ती केव्हा व्हावी, चरबी कोठे साठावी यांवर आनुवंशिकतेचा मोठा प्रभाव असतो. अन्नाच्या प्रकाराचाही असतो. अमेरिकेत 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 20 जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले अतिप्रक्रियायुक्त अन्न आणि दोन आठवडे साधे, घरगुती स्वरूपाचे अन्न देण्यात आले. दोन्ही प्रकारच्या जेवणांत साखर, चरबी व तंतू यांचे प्रमाण सारखे ठेवले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. प्रक्रियायुक्त अन्न समोर असताना तीच माणसे दररोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती. म्हणून कुटुंबातील स्थूल व्यक्तीला चारचौघांत हिणवणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. बिस्किटांचे पुडे आणि गोड पेयांच्या बाटल्या घरात आणणारे हात बहुधा दुसऱ्याच कोणाचे असतात.

खरा प्रश्न : चरबी कोठे साठते?

त्वचेखालील चरबी हे शरीराचे सुरक्षित कोठार आहे. ते भरले किंवा मुळातच लहान असले, की उरलेली चरबी पोटातील अवयवांभोवती, यकृतात, स्नायूंत व स्वादुपिंडात शिरू लागते. आजाराची सुरुवात येथे होते.

जेवणानंतर रक्तातील साखर वाढते, तेव्हा स्वादुपिंड इन्सुलिन हे संप्रेरक सोडते. इन्सुलिनच्या इशाऱ्याने स्नायू साखर आत घेतात आणि यकृत स्वतःची साखर बाहेर सोडणे थांबविते. यकृतात व स्नायूंत चरबी साचली, की हा इशारा त्यांना नीट पोहोचत नाही. या अवस्थेला इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. स्वादुपिंड मग अधिकाधिक इन्सुलिन तयार करून वेळ निभावते. ही ओढाताण कित्येक वर्षे चालते. या काळात साखरेची तपासणी सामान्य येऊ शकते व माणसाला कसलाही त्रास जाणवत नाही. अखेर इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी थकतात आणि मधुमेह उघड होतो.

"रात्री आठनंतर काहीच खाल्ले नाही, तरी सकाळी उपाशीपोटी साखर वाढलेली कशी?" असे अनेक जण विचारतात. त्याचे उत्तर यातच आहे. इन्सुलिनचा इशारा न मानणारे यकृत रात्रभर स्वतःच साखर सोडत राहते.

हेच बिघडलेले यकृत रक्तात ट्रायग्लिसराइड या चरबीचे प्रमाण वाढविते. उपकारक कोलेस्टेरॉल घटते, रक्तदाब वाढतो, रक्तवाहिन्यांच्या भिंती कठीण होतात. स्त्रियांत पाळीची अनियमितता व बीजकोशांचा विकार यांच्याशीही इन्सुलिन-प्रतिरोधाचा जवळचा संबंध आहे. गर्भाशय, मोठे आतडे व रजोनिवृत्तीनंतर स्तन यांच्या कर्करोगाचा धोका लठ्ठपणाने वाढतो. एकाच मुळापासून फुटलेल्या या फांद्या आहेत. आपण मात्र प्रत्येक फांदीसाठी वेगळी गोळी घेतो आणि मुळाकडे पाहत नाही.

सडपातळ दिसणारे शरीर

आता आरंभी उल्लेखिलेल्या सडपातळ भावाकडे वळू. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंची व वजन यांवरून काढला जाणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3 होता. पण शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले तेव्हा ब्रिटिश डॉक्टरांचे 9.1 टक्के आणि पुण्याच्या डॉक्टरांचे 21.2 टक्के निघाले. वजनकाट्यावर सारखी दिसणारी ही दोन शरीरे आतून अगदी भिन्न होती. भारतीय माणसांत स्नायू कमी व पोटातील चरबी जास्त असण्याची प्रवृत्ती आढळते, तिचे हे बोलके उदाहरण ठरले.

ही प्रवृत्ती जन्माच्याही आधी सुरू होते. डॉ. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा व त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो होते. इंग्लंडमधील ज्या बाळांशी तुलना केली, त्यांचे वजन सुमारे 3.5 किलो होते. आपली बाळे लहान होती, त्यांचे स्नायू व पोटातील अवयव लहान होते, पण त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेणाऱ्या मातांची बाळे आकाराने मोठी होती, असेही या अभ्यासात आढळले. ज्या मातांच्या शरीरात बी-12 जीवनसत्त्व कमी व फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन-प्रतिरोध अधिक दिसला.

वाचक हो, येथे क्षणभर थांबून आपल्या घरातील मुलींच्या ताटाकडे पाहा. सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेसुरले खाणारी मुलगी उद्याची माता आहे. तिला दूध, अंडी, डाळ, भाजी, फळ वेळेवर मिळणे म्हणजे पुढच्या पिढीचे मधुमेहापासून संरक्षण करणे होय. लोहाची कमतरता तपासताना तिचे बी-12 देखील तपासून घ्यावे आणि गरोदरपणातील गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

आपली स्थिती कशी ओळखावी?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी 28.6 टक्के लोक लठ्ठ आढळले. मात्र पोटाचा लठ्ठपणा 39.5 टक्के लोकांत होता. म्हणजे वजनाच्या हिशेबात न सापडणारे पुष्कळ लोक कंबरेच्या मापात सापडतात.

म्हणून वजनकाट्याबरोबर शिंप्याची फीत वापरावी. भारतीय पुरुषाच्या कंबरेचा घेर 90 सेंटिमीटर किंवा अधिक, अथवा स्त्रीचा 80 सेंटिमीटर किंवा अधिक असेल, तर तो धोक्याचा इशारा समजावा. बीएमआय 23 झाला की भारतीयांत वजन जास्त आणि 25 झाला की लठ्ठपणा मानला जातो. यासोबत पुढील मापे पाहावीत :

1. रक्तदाब 130/85 किंवा अधिक.
2. उपाशीपोटी रक्तशर्करा 100 किंवा अधिक.
3. ट्रायग्लिसराइड 150 किंवा अधिक.
4. उपकारक कोलेस्टेरॉल (एचडीएल) पुरुषांत 40पेक्षा व स्त्रियांत 50पेक्षा कमी.

कंबरेच्या घेरासह या पाचांपैकी कोणतीही तीन लक्षणे एकत्र आढळली, तर चयापचयाचा समग्र बिघाड झाला आहे, असे वैद्यकशास्त्र मानते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी एचबीए1सी चाचणी 5.7 ते 6.4च्या दरम्यान आली, तर आपण मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहोत. 6.5 किंवा अधिक आल्यास मधुमेह समजला जातो आणि डॉक्टर बहुधा आणखी एका चाचणीने त्याची खात्री करून घेतात. मानेवर वा काखेत काळपट, मखमली पट्टे दिसू लागले, तर ते मळामुळे आले असे समजून घासत बसू नये. ते बहुधा इन्सुलिन-प्रतिरोधाचे चिन्ह असते आणि शाळकरी मुलांतही दिसू शकते.

उंबरठ्यावरून परतता येते

चेन्नई येथे 531 जणांवर झालेल्या व 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसांना तीन वर्षे पाहण्यात आले. नेहमीप्रमाणे जगणाऱ्या गटात 55 टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार व चालण्यात बदल करणाऱ्यांत हे प्रमाण 39.3 टक्के राहिले. लक्षणीय बाब ही की, बदल करणाऱ्यांचे वजन फारसे घटलेही नव्हते. काट्यावरचा आकडा हलला नाही, तरी आत सुधारणा होत असते. म्हणून निराश होऊन प्रयत्न सोडू नयेत.

उलट घाईने केलेल्या उपासमारीचा परिणाम काय होतो, हेही पाहावे. अमेरिकेतील वजन घटविण्याच्या एका दूरदर्शन स्पर्धेतील 14 स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासले, तेव्हा बहुतेकांचे बरेचसे वजन परत आले होते. त्यांचा विश्रांतीतील ऊर्जाखर्च मात्र अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे 500 कॅलरींनी कमीच राहिला होता. म्हणून "महिन्यात पंधरा किलो" अशा जाहिरातींपासून दूर राहावे. घरात रुजतील असे बदल पुढीलप्रमाणे :

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. हालचाल करणारे स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातील साखर ओढून घेतात. आठवड्यातून एकूण 150 मिनिटे तरी भरभर चालणे व्हावे आणि दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम असावा. काही जण म्हणतात, "पाच वेळा नमाज पढतो, वेगळ्या व्यायामाची काय गरज?" नमाज ही इबादत आहे, तिच्याकडे कसरत म्हणून पाहू नये. परंतु मशिदीपर्यंत मोटारसायकलऐवजी पायी जाता येईल आणि ज्या भगिनींना बाहेर फिरणे अवघड वाटते, त्यांच्यासाठी पहाटेची गच्ची किंवा मोहल्ल्यातील भगिनींचा एकत्र फेरफटका हे मार्ग आहेत.

ताटात प्रथम भाजी व डाळ, मग भात किंवा भाकरी असा क्रम ठेवावा. बिर्याणी हवी असेल त्या दिवशी ती अवश्य खावी, पण तिच्याबरोबर पुन्हा नान, गोड पदार्थ व शीतपेय नको. चहातील साखर हळूहळू निम्म्यावर आणावी. अनेक घरांत दिवसाला पाच-सहा कप होतात आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर असते. वर्षाचा हिशेब केला तर पोत्याचा अंदाज येईल. झोप पुरेशी घ्यावी, कारण जागरणाने भूक वाढते व इन्सुलिनचे काम बिघडते.

रोजा आणि चयापचय

सहरीनंतरचे काही तास शरीर अन्नातील व यकृतातील साठ्यावर चालते. तो साठा ओसरू लागला, की चरबी वापरात येते. म्हणजे जो बदल आपण वर्षभर शोधतो, तो रमजानमध्ये दररोज घडून येतो. तरीही अभ्यासांत आढळते, की रमजानमध्ये होणारी वजनातील घट अल्प असते व पुढील काही आठवड्यांत ती भरून निघते. कारण उघड आहे. दिवसभराची बचत भजी, समोसे, सरबत व मध्यरात्रीच्या दावतीत एका रात्रीत खर्चून वर उधारीही होते. खाण्यापिण्यातील इसराफ टाळावा, ही पवित्र कुरआनची शिकवण आहे. पोट पूर्ण न भरता त्यात मोकळी जागा ठेवावी, हा प्रसिद्ध हदीसचा आशयही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती शिकवण इफ्तारच्या दस्तरखानावर उतरली पाहिजे. खजूर, पाणी, फळ व थोडे सूप घेऊन मगरिबची नमाज अदा करावी आणि नंतर साधे जेवण घ्यावे. तेवढ्या वेळात तृप्तीचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचतो. सहरी टाळू नये व तिच्यात अंडी, डाळ, दही, ज्वारीची भाकरी असे सावकाश पचणारे अन्न असावे.

मधुमेही बंधू-भगिनींनी मात्र विशेष दक्षता घ्यावी. 13 देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीत इन्सुलिनवर अवलंबून नसलेल्या मधुमेहींत रमजानच्या काळात रक्तशर्करा धोकादायक रीतीने घसरण्याचे प्रमाण इतर महिन्यांच्या सुमारे साडेसातपट आढळले. म्हणून रमजानच्या दीड-दोन महिने आधीच डॉक्टरांना भेटून औषधांच्या वेळा व मात्रा ठरवून घ्याव्यात. बोटाला टोचून साखर तपासल्याने बहुतांश उलमांच्या मते रोजा तुटत नाही, म्हणून तपासणी टाळू नये. साखर 70च्या खाली किंवा 300च्या वर गेली, अथवा घाम, थरथर, भोवळ जाणवली, तर रोजा ताबडतोब सोडावा, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. आजारी माणसाला शरीअतने सवलत दिली आहे. ती नाकारून जीव धोक्यात घालण्यात पुण्य नाही. कझा व फिदियाचे नियम आपल्या विश्वासू आलिमांकडून समजून घ्यावेत.

समारोप

प्रिय वाचकहो, आपल्या चयापचयाचा काही भाग आईवडिलांकडून आला आहे, काही भाग मातेच्या उदरात ठरला आहे. तो बदलणे आपल्या हाती नाही. पण पोटातील चरबी, स्नायूंची शक्ती, घरात येणारे अन्न, झोपेची वेळ आणि रोजचे चालणे हे पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. या महिन्यात एवढे करा. घरातील प्रत्येक प्रौढाची कंबर मोजा, सडपातळ माणसाचीही. तीस वर्षे ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब व उपाशीपोटीची साखर तपासून घ्या आणि आकडे एका वहीत लिहून ठेवा. स्थूल व्यक्तीला टोमणा मारण्याऐवजी तिच्यासोबत चालायला निघा. अल्लाह आपणा सर्वांना या अमानतीची कदर करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.